आभासी कुत्र्यांची पोझ आणि ऑनलाइन शो : नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शोच्या आधी तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. बहुतेक उत्तरं 'पेट्झ' या पडद्यावर कुत्री-मांजरं पाळायच्या जुन्या कम्प्युटर खेळाला धरून आहेत, कारण आमच्या गटात येणाऱ्या बहुतेक प्रवेशिका त्याच खेळातल्या असतात. लिहिणारा अधूनमधून जज म्हणूनही बसतो, तेव्हा काही ठिकाणी खडूसपणा दिसेल.

खोट्या कुत्र्यांचा शो म्हणजे नेमकं काय असतं?

तान्हा पोळा पाहिला असेलच. पोट्टे लाकडी नंदी घेऊन रांगेत उभे असतात, परीक्षक झूल बघतात, शिंगं बघतात, बाशिंग बघतात आणि बक्षीस देतात. नंदी लाकडाचा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी पहिला नंबर हुकला की पोरगं खरंखुरं रडतं. इथेही तसंच. कुत्रा पडद्यावरचा, पण तुम्ही त्याला पाळलेलं असतं, वाढवलेलं असतं आणि त्याच्या अंगलटीला शोभेल अशा पवित्र्यात त्याचा फोटो टिपायचा असतो. तो फोटो पाठवायचा. जज फोटो बघून नंबर काढतो.

कोणता खेळ लागतो?

पेट्झची सुरुवात 'डॉग्झ' या नावाने १९९५ मध्ये झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या पीएफ मॅजिक या कंपनीने तो काढला. पाठोपाठ १९९६ मध्ये मांजरांचा 'कॅट्झ' आला. शोसाठी लोक वापरतात ते मुख्यतः पेट्झ ३, ४ आणि ५. पेट्झ ३ हा १९९८ चा, आणि त्यापासून कुत्र्यांना पिल्लं होऊ लागली. शो रंगायला लागले ते त्यामुळेच. त्याआधी सगळ्यांचे कुत्रे जवळपास सारखेच दिसायचे. पिल्लं व्हायला लागल्यावर आईचे कान, बापाचे ठिपके, आजीची शेपटी अशी सरमिसळ सुरू झाली आणि आपल्या कुत्र्याचं वेगळेपण दाखवायला कारण मिळालं. पेट्झ ५ युबीसॉफ्टच्या नावाने २००२ मध्ये आला.

आणखी एक गोष्ट माहीत असू द्या, पुढे पोझ समजायला उपयोगी पडेल. हे कुत्रे गोळ्यांचे बनलेले असतात. डोकं म्हणजे काही गोळे, पाय म्हणजे गोळ्यांची ओळ, आणि गोळ्यांना जोडणाऱ्या रेषा. याच कंपनीने १९९४ मध्ये 'बॉल्झ' नावाचा मारामारीचा खेळ काढला होता, त्यातली पात्रंही गोळ्यांचीच होती. गोळा कुठूनही बघितला तरी गोलच दिसतो. त्यामुळे कुत्रा वळला तरी त्याचं चित्र बिघडत नाही, फक्त गोळे एकमेकांच्या मागे-पुढे जातात. पोझमधले निम्मे घोटाळे याच मागे-पुढे जाण्याने होतात.

नवीन लॅपटॉपवर चालतो का?

पेट्झ ३, ४, ५ बहुतेक वेळा चालतात. नाही चालले तर प्रोग्रामच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या 'कम्पॅटिबिलिटी'त जा, तिथे कमी रंगांचा पर्याय असतो, तो लावून बघा. १९९५ चा पहिला डॉग्झ मात्र विंडोज ३.१ च्या जमान्यातला. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे प्रोग्राम चालतच नाहीत, तेव्हा त्यावर वेळ घालवू नका.

सीडी नाही. नेटवरून उतरवून घेऊ का?

खेळ जुना झाला म्हणून त्याचे हक्क संपत नाहीत. शक्यतो जुनी खरी सीडी आणि यूएसबीचा सीडी ड्राइव्ह मिळवा. अनोळखी जागेवरून उतरवलेल्या फाइलीत व्हायरस निघाला तर कुत्रा राहिला बाजूला, अख्खा कम्प्युटर फॉरमॅट करावा लागेल. गटात कुणाला अशा लिंका मागू नका, देऊही नका.

पोझ म्हणजे काय? नुसता गोड फोटो चालत नाही का?

गोड फोटोचा क्लास, म्हणजे स्पर्धेचा गट, वेगळा आहे, तिथे कुत्रा पालथा झोपलेला असला तरी चालतो. पोझ क्लासमध्ये कुत्रा 'उभा करणं' अपेक्षित असतं आणि ही पद्धत खऱ्या डॉग शोमधून आली आहे. इंग्लंडचा केनेल क्लब १८७३ चा, क्रफ्ट्स हा तिथला प्रसिद्ध शो १८९१ पासूनचा. अशा शोमध्ये कुत्रा जजपुढे विशिष्ट पद्धतीने उभा करतात, त्याला स्टॅकिंग म्हणतात. पुढचे पाय जमिनीशी काटकोनात सरळ. मागचे पाय किंचित मागे, पण घोट्याच्या सांध्यापासून खालचा भाग पुन्हा उभा सरळ. पाठीची रेघ ढासळलेली नको, मान उचललेली हवी. जर्मन शेफर्डचा मागचा एक पाय पुढे घेतात, तो अपवाद सगळ्यांनी पाहिलेला असतो आणि म्हणूनच नवीन लोक कुठल्याही कुत्र्याला तसं उभं करायला जातात. डाल्मेशियनला तसं उभं केलंत तर फोटो बाद नाही होणार, पण जजच्या कपाळावर आठ्या नक्की येतील.

आपल्या पडद्यावरच्या कुत्र्यासाठी याचा अर्थ इतकाच : चारही पंजे दिसले पाहिजेत, शेपटी पूर्ण दिसली पाहिजे, डोळा उघडा आणि कान सुटे दिसले पाहिजेत, आणि या कुत्र्यात जे खास आहे ते झाकलं जाता कामा नये. शेवटची अट लोक विसरतात. तुमच्या कुत्र्याच्या एकाच बाजूला छातीवर पांढरा डाग असेल आणि फोटो दुसऱ्या बाजूचा असेल, तर तुम्ही चांगल्या कुत्र्याचा निरुपयोगी फोटो पाठवला असं मी म्हणेन.

तोंड कोणत्या बाजूला हवं?

खऱ्या रिंगणात माणसं कुत्र्याला आपल्या डाव्या हाताला ठेवून घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात आणि जज मध्ये उभा असतो. म्हणजे जजला कुत्र्याची डावी बाजू दिसते. त्यामुळे फोटोतही कुत्र्याचं तोंड बघणाऱ्याच्या डावीकडे ठेवायची रीत पडली. आमच्याकडे ही सक्ती नाही. वर सांगितलेला डाग उजवीकडे असेल तर खुशाल उजवीकडे वळवा.

अगदी शंभर टक्के बाजूने मात्र घेऊ नका. पलीकडचे दोन पाय अलीकडच्या पायांमागे लपतात आणि कुत्रा दोन पायांचा दिसतो. थोडासा तिरपा, जजकडे जरासा वळलेला घ्या. फार तिरपा झाला तर पुढच्या छातीचे गोळे पोटावर येतात आणि ग्रेट डेन बुलडॉगसारखा दिसायला लागतो.

माझा कुत्रा सारखा पळून राहिला. फोटो काढू कसा?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

आधी बाकीचे प्राणी आत ठेवा. पडद्यावर दुसरा कुत्रा किंवा मांजर असेल तर तुमचा कुत्रा तुमच्याकडे बघणारच नाही. मग खेळणी आवरा. चेंडू दिसला की त्याचं लक्ष चेंडूत. आता पडद्यावर कुत्रा, तुमचा माऊसचा हात (म्हणजे हाताच्या आकाराचा कर्सर) आणि हवी असेल तर एकच वस्तू.

नुकताच बाहेर काढलेला कुत्रा उड्या मारतो, इकडेतिकडे पळतो. त्याला पळू द्या, थोडं खेळवा. दमला की तो आपोआप उभा राहतो किंवा बसतो. फार दमवलंत तर झोपतो, मग बसा वाट बघत. उपाशी कुत्राही नीट उभा राहत नाही, आणि पोट तुडुंब भरलेला कुत्रा खाऊकडे ढुंकून बघत नाही. अर्धवट पोट हा उत्तम काळ.

कुत्रा कर्सरकडे बघतो, हे तुमचं खरं हत्यार. खाऊ किंवा खेळणं हातात धरा आणि जिथे त्याची नजर हवी तिथे न्या. मान वर हवी असेल तर हात वर, पण हळूहळू. झटक्याने हलवलंत तर तो उडी मारेल. हात त्याच्या नाकाच्या फार जवळ नेला तर तो हुंगायला पुढे येतो आणि पाय विस्कटतात. थोडं लांब धरलं की नुसती मान वळते आणि पाय जागेवर राहतात. या अंतराचा अंदाज प्रत्येक कुत्र्यागणिक वेगळा असतो, तो कुणी शिकवू शकत नाही.

तो मनासारखा उभा राहिला की लगेच खाऊ द्या. खेळाची बांधणीच अशी आहे की ज्या कृतीनंतर खाऊ मिळतो ती कृती कुत्रा पुन्हा करायला बघतो. युक्त्या शिकवायची पद्धतही हीच. पोट्टे काय करतात, कुत्रा भुंकला की गंमत म्हणून बिस्किट देतात आणि आठवड्याने विचारतात, 'हा तोंड का बंद करत नाही?'

एक बजावून सांगतो. खेळातला पाण्याचा फवारा मारून कुत्र्याला जागेवर बसवायचा प्रयत्न करू नका. तो बिचकतो, अंग चोरतो, शेपटी आत घेतो, आणि ते फोटोत दिसतं. वारंवार त्रास दिला तर या खेळातले प्राणी पळूनही जातात.

शेपटी कशी हवी?

जातीप्रमाणे. लॅब्राडोरची शेपटी बुडाशी जाड असते, ती पाठीवर गुंडाळलेली शोभत नाही. डाल्मेशियनची किंचित वर वळलेली चालते, गोल वळलेली नाही. डॅशहुंडची पाठीच्या रेघेला धरून सरळ मागे गेलेली. स्कॉटीची उभी ताठ. चिहुआहुआची कोयत्यासारखी वर वळलेली. बुलडॉगची आखूड आणि खाली, तिची फार चिंता करायची गरज नाही. शेपटी हलत असताना टिपली तरी हरकत नाही, फक्त ती कुत्र्याच्या अंगावरून जात असता कामा नये. गोळ्यांच्या कुत्र्यात अंगावरची शेपटी म्हणजे पाठीवर टेंगूळ आल्यासारखी दिसते.

कोणत्या जातीपासून सुरुवात करू?

पेट्झच्या कुत्र्यांत ग्रेट डेन, डाल्मेशियन, लॅब्राडोर, शीपडॉग, पूडल, बुलडॉग, डॅशहुंड, चिहुआहुआ, स्कॉटी आणि मट, म्हणजे संमिश्र, अशा मूळ जाती आहेत. नवख्याने लॅब्राडोर किंवा डाल्मेशियन घ्यावा. पाय लांब, अंग मोकळं, चूक लगेच दिसते आणि लगेच दुरुस्त होते. शीपडॉगचे केस सगळं झाकतात, त्यामुळे तो सोपा वाटतो. पण त्याचे डोळे शोधता शोधता जज कंटाळतो.

आपला गावठी कुत्रा नाही का त्यात?

तयार मिळत नाही. मट घेऊन त्याच्या पिल्लांमधून तपकिरी, उभ्या कानाचा, सडसडीत कुत्रा जमवणारे आहेत. मुधोळ हाउंडसारखा कुत्रा करायचा असेल तर निमुळतं तोंड, खोल छाती आणि आत गेलेलं पोट या तीन गोष्टी आधी जमवा. रंग नंतर बघू. संदर्भासाठी २००५ चं टपाल तिकीट बघा, त्या वर्षी टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर तिकिटं काढली होती. मुधोळसोबत रामपूर हाउंड, राजापालयम आणि हिमालयी मेंढपाळ कुत्राही त्यांत होता.

हेक्स केलेला कुत्रा चालतो का?

खेळाच्या फाइली आतून बदलून नवीन जात, नवे रंग, नवे कान तयार करणं म्हणजे हेक्स करणं. चालतो, पण वेगळ्या क्लासमध्ये, आणि कुणी बनवलेल्या फाइलीवरून केला ते सांगावं लागेल. दुसऱ्याने मेहनतीने केलेली जात आपली म्हणून पाठवणाऱ्याला आम्ही पुन्हा घेत नाही. हेक्स कुत्र्याची पिल्लं वेगळ्या क्लासमध्ये की मूळ क्लासमध्ये, यावर वाद आहेत. सध्या वेगळ्यात.

फोटो काढल्यावर थोडी दुरुस्ती केली तर?

कापणं चालेल. पार्श्वभूमी पुसून एकरंगी करणं चालेल. कुत्र्याच्या अंगावर एक ठिपकाही रंगवायचा नाही, शेपटी दुसऱ्या फोटोतून आणून चिकटवायची नाही, डोळे उघडायचे नाहीत. फोटो उलटा करून, म्हणजे आरशात दिसतो तसा करून, पाठवणारे वाटतात त्याहून जास्त आहेत. तेही नको, कारण त्याने डाग चुकीच्या बाजूला जातात आणि पुढच्या शोमध्ये तोच कुत्रा वेगळा दिसतो.

पोझ टिपायची असते, ब्रशने करायची नसते. ब्रशने सगळं साधत असेल तर कुत्रा पाळायचाच कशाला? या मुद्द्यावर मी सवलत देत नाही आणि बाकीचे जजही देत नाहीत.

फाइल कोणत्या प्रकारात आणि किती मोठी?

खेळातला कॅमेरा किंवा कीबोर्डवरचं प्रिंट स्क्रीन, काहीही वापरा. पाठवताना पीएनजी किंवा जीआयएफ. जेपेग नको. जेपेग जागा वाचवायला चित्रातला तपशील टाकून देतो आणि गोळ्यांच्या कडांभोवती मळकट धूर दिसायला लागतो. जीआयएफमध्ये फक्त २५६ रंग असतात, पण या जुन्या खेळातलं चित्र तेवढ्यात छान बसतं. बीएमपीही चालतो, फक्त जड होतो : ४०० गुणिले ४०० पिक्सेलचं पूर्ण रंगांचं चित्र साधारण ४,८०,००० बाइट घेतं.

व्हॉट्सअॅपवरून नुसता फोटो म्हणून पाठवू नका, तो वाटेत दाबला जातो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मोठा करून पाठवायचा मोहही टाळा. जेवढा टिपला तेवढाच. जजला डोळे आहेत आणि झूमचं बटणही आहे.

मागे फुटाळ्याचा किंवा झिरो माइलचा फोटो लावू का?

पोझ क्लासमध्ये नको. काळ्या कुत्र्यामागे हलका रंग, पांढऱ्या कुत्र्यामागे गडद, बस. देखाव्याच्या क्लासमध्ये लावा, तिथे अंबाझरीच्या काठावर बसलेला पूडल येऊन गेलेला आहे. पण कुत्र्याची सावली आणि पाठीमागचं ऊन एकाच दिशेने असू द्या.

कुत्र्याचं नाव मराठीत ठेवलं तर प्रश्नचिन्हं दिसतात. का?

हे जुने प्रोग्राम युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने अक्षरं साठवतात, आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी त्या जुन्या पद्धतीची अक्षरसूची कधी नव्हतीच. त्यामुळे खेळात रोमन अक्षरांत लिहा. प्रवेशिकेत मात्र मोत्या, वाघ्या, खंड्या, जे असेल ते देवनागरीत लिहा. निकालपत्रावर तेच छापलं जाईल.

पिल्लू चालेल का?

पिल्लांच्या क्लासमध्ये. पिल्लाचं डोकं मोठं आणि पाय आखूड असल्यामुळे मोठ्यांच्या शेजारी ठेवून तुलना होत नाही.

मे महिन्यात कम्प्युटर बंद पडला आणि कुत्रा गेला. परत मिळेल का?

कुत्र्याची फाइल वाचली असेल तर मिळेल. खेळाच्या फोल्डरमध्ये 'अडॉप्टेड पेट्झ' नावाचं फोल्डर असतं, प्रत्येक प्राण्याची त्यात वेगळी फाइल. तिची प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, प्रत काढताना खेळ बंद असू द्या. नागपूरचा उन्हाळा माणसाला सोसत नाही तर जुन्या डेस्कटॉपला काय सोसणार? दुपारी दोन वाजता, कूलर बंद, खिडकीत ठेवलेला कम्प्युटर, अशा वेळी पोझ घेत बसू नका. रात्री जेवण झाल्यावर बसा. त्यात वीज जाते-येते, म्हणून मनासारखा फोटो मिळाला की आधी सेव्ह, मग आनंद.

जज गुण कसे देतात?

शो-शोचं वेगळं असतं. आमच्याकडे सगळ्यात जास्त वजन उभं राहण्याला, मग नजर आणि मानेला, मग फोटोच्या स्वच्छतेला. कुत्र्याचा रंग मला आवडतो की नाही, याला काही नाही. निदान तसं ठरलेलं आहे. ठिपकेदार कुत्र्याकडे माझा ओढा आहे हे सगळ्यांना ठाऊक असल्याने डाल्मेशियनच्या क्लासला दुसरा जज बसतो.

जजच्या घरच्यांना आणि त्याच्या कुत्र्याच्या पिल्लांना त्याच्या क्लासमध्ये प्रवेश नाही.

कपड्यांचा, सजावटीचा क्लास असतो का?

असतो, आणि तो तान्ह्या पोळ्यालाच ठेवतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. खेळातले कपडे-टोप्या वापरा, हेक्स केलेली झूल आणि घुंगरं असतील तर बहार. कपड्यांनी पाय आणि चेहरा झाकू नका. निकाल त्या दिवशी उशिरा लागतो, कारण त्याच दिवशी काळी-पिवळी मारबत निघते आणि महाल-इतवारीकडचे लोक मिरवणूक पांगल्याशिवाय घरी पोचत नाहीत. 'निकाल कधी?' असे मेसेज दुपारपासून टाकू नयेत.

सिम्स किंवा निन्टेन्डॉग्जमधला कुत्रा चालेल?

खुल्या क्लासमध्ये चालेल. निन्टेन्डॉग्ज २००५ चा. त्यात स्पर्धा खेळातच आहेत, पण फ्रिस्बी, अडथळे आणि आज्ञापालनाच्या. सिम्स ४ मध्ये कुत्रे २०१७ च्या 'कॅट्स अँड डॉग्ज' या जोडभागाने आले, दिसायला जास्त खरे. पेट्झच्या गोळ्यांच्या कुत्र्याशेजारी त्यांना उभं करून नंबर काढणं न्यायाचं होणार नाही.

प्रवेश फी आणि बक्षीस?

फी नाही. बक्षीस म्हणजे चित्रातली रिबिन आणि निकालपत्रात नाव. पैसे मागणारा कुणी भेटला तर तो आमच्यातला नाही.

खरा कुत्रा डॉग शोला न्यायचा आहे. या सरावाचा उपयोग होईल?

डोळ्याला होईल. पाय सरळ आहेत का, पाठ ढासळली का, हे तुम्हाला पटकन दिसायला लागेल. हाताला नाही होणार. खरा कुत्रा कर्सरच्या मागे मान वळवत नाही, त्याला पट्टा, उकाडा, शेजारचा भुंकणारा कुत्रा आणि तुमचा घाबरलेला हात, सगळं कळतं. त्यासाठी जाणकाराकडे जा.

पहिल्याच शोत काही मिळालं नाही. तोच कुत्रा पुन्हा पाठवू शकतो का?

हो, फोटो मात्र नवा हवा. जजने शेरा लिहिला असेल तर तो आधी वाचा. बहुतेक वेळा त्यात 'मागचा डावा पंजा दिसत नाही' असंच लिहिलेलं असतं.